लिलियम आणि वृक्षनेचे एकाच वाफ्यात?

प्रश्न : गच्चीवर शेडनेटखाली दोन फूट खोडाचे वृक्षनेचे (ट्री फर्न) कुंडीत आहे. सावली आयतीच असल्याने ऑक्टोबरच्या शेवटी त्याच कुंडीच्या कडेने लिलियमचे (लिलीचे) सहा कंद लावले आणि रोज झारीने पाणी घातले. चार कंद कुजले, दोन उंच वाढून लवंडले. नेच्याची नवी पाने तर उलगडायच्या आधीच वाळतात. (पुणे)

उत्तर : रोजच्या पाण्याने कंद बुडाले आणि नेचे मात्र वरून कोरडेच राहिले.

लिलियमच्या कंदाला कांद्यासारखे कोरडे वेष्टन नसते. उघड्या खवल्यांचा असल्याने तो वाळतोही लवकर आणि कुजतोही लवकर. त्याला माती ओलसर हवी, पण बोटाने दाबल्यावर पाणी सुटेल इतकी ओली नको. नेच्यासाठी केलेले मिश्रण दिवसभर ओल धरते. त्यात कंदाच्या तळाला हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि बुडापासून कूज सुरू होते. उरलेले दोन कंद लवंडले ते सावलीमुळे. लिलियमला थंडीच्या दिवसांत किमान पाच-सहा तास ऊन लागते. ते कमी पडले की दांडा उंच व बारीक होतो आणि कळ्या पिवळ्या पडून गळतात.

नेच्याची गोष्ट उलटी आहे. त्याच्या खोडावरचा तपकिरी, दोरखंडासारखा थर म्हणजे बाहेर आलेली मुळेच. हा थर बुंध्याकडे सर्वांत जाड असतो. फक्त कुंडीत पाणी घातले तर ही मुळे कोरडी राहतात. शिवाय सगळी पाने शेंड्यातल्या एकाच अंकुरातून येतात. तिथली हवा कोरडी झाली की गुंडाळलेले कोवळे पान आतच करपते. म्हणून झारी शेंड्यावरून धरून पाणी खोडावरून ओघळू द्या. फेब्रुवारीपर्यंत रोज एकदा, एप्रिल-मे महिन्यांत सकाळ-संध्याकाळ. खोडाला काथ्याची दोरी किंवा गोणपाट सैलसर गुंडाळले तर ओल टिकते. उन्हापेक्षा उन्हाळ्यातला गरम वारा नेच्याला जास्त मारतो, त्यामुळे कुंडी पश्चिमेच्या कठड्यापासून आत घ्या.

पुढच्या हंगामात दोघांना वेगळे करा. लिलियमसाठी 25 ते 30 सेंमी रुंद आणि तितकीच खोल कुंडी घ्या. 14/16 मापाचे, म्हणजे 14 ते 16 सेंमी घेराचे, तीन कंद तिच्यात बसतात. मिश्रण असे : चार भाग कोकोपीट, दोन भाग लाल माती, दोन भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू. कोकोपीट रात्रभर भिजवून दोनदा पिळून घ्या. त्यातले मीठ गेले नाही तर पानांची टोके जळतात. कंदाच्या डोक्यावर 10 सेंमी माती हवीच. लिलियमला कंदाखाली मुळे असतात, तशी कंदाच्या वर जमिनीतल्या दांड्यालाही फुटतात आणि पुढे झाडाला पोसतात ती मुख्यतः हीच. कंद उथळ लावला की ती मुळे फुटायला जागाच राहत नाही.

पहिले तीन आठवडे खत नको. नंतर एका आठवड्याला लिटरमागे एक ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फेट आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) आणि दुसऱ्या आठवड्याला लिटरमागे एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्या. दोन्ही एकाच पाण्यात कालवू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका खाली बसतो. सुपर फॉस्फेट मात्र टाळा. त्यातल्या फ्लोराइडने काही जातींची पाने करपतात.

नेच्याला यातले काहीच या ताकदीने चालत नाही. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव मात्रेत द्रवखत, महिन्यातून एकदा, तेही जून ते ऑक्टोबर एवढेच.

प्रश्न : लिलियम पहिल्या वर्षी सुंदर फुलले. कंद कुंडीतच ठेवले, दुसऱ्या वर्षी नुसती चार पाने आली. (नाशिक)

उत्तर : पहिल्या वर्षीचे फूल कंदात आधीच ठरून आले होते, कारण विकण्यापूर्वी तो शीतगृहात राहिलेला असतो. साधारण 2 ते 5 अंश तापमानात सहा ते आठ आठवडे काढल्याशिवाय लिलियम नीट फुलत नाही. नाशिकच्या थंडीत काही रात्री पारा खाली जातो खरा, पण दिवसा कुंडी पुन्हा तापते.

त्यामुळे ही थंडी तुम्हाला फ्रीजमध्ये द्यावी लागेल. फूल तोडताना दांड्याची खालची दोन-तृतीयांश पाने राहू द्या, कारण पुढचा कंद त्यांच्यावरच भरतो. पाने आपोआप पिवळी होईपर्यंत पाणी चालू ठेवा, नंतर कंद मुळांसकट काढा. जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये, भोके पाडलेल्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नव्हे. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा केळी ठेवू नका. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतला अंकुर बिघडतो. महिन्यातून एकदा पिशवी उघडून बुरशी आली आहे का पाहा. मऊ पडलेला कंद लगेच बाहेर काढा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर लावा, पण फ्रीजमध्येच अंकुर बोटभर आला तर वाट पाहू नका. दुसऱ्या वर्षी कळ्या कमीच येतील, हे धरून चला.

प्रश्न : रत्नागिरीत घरामागे ओलसर सावलीची जागा आहे. तिथे दोन्ही लावता येतील का?

उत्तर : वृक्षनेचे जरूर लावा. दमट हवा त्याला मानवते, फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका आणि खारा वारा अडवा. लिलियमवर मात्र तिथे पैसे घालू नका. रात्री पुरेशा गार होत नाहीत, फूल आले तरी ते एका हंगामाचेच. त्याऐवजी स्पायडर लिली लावा. ती लिलियमच्या कुळातली नाही, तिला थंडी लागत नाही आणि ओली जमीन चालते.

वृक्षनेच्याचे रोप घेताना ते नर्सरीत वाढवलेले आहे याची खात्री करा. जंगलातून उपटलेले खोड स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. सायथिया गटातील वृक्षनेच्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील करारानुसार नियंत्रित आहे, आणि शेंडा दुखावलेले झाड पुन्हा उभे राहत नाही.

प्रश्न : नेच्याच्या पानांखाली तपकिरी ठिपके आले आहेत. कीटकनाशक कोणते मारू? (सातारा)

उत्तर : आधी ठिपके कसे मांडले आहेत ते पाहा. शिरेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, ओळीत असतील तर ते बीजाणूंचे, म्हणजे नेचे ज्यांपासून उगवते त्या बारीक कणांचे, पुंजके आहेत, रोग नव्हे. वेडेवाकडे, देठावरही असतील आणि नखाने खरवडल्यावर एकेक सुटत असतील तर ती खवले कीड. ती ओल्या फडक्याने पुसून काढा. तेलकट फवारे आणि साबणाचे पाणी नेच्याच्या पानांना सोसत नाही, डाग पडतात.

प्रश्न : मेलबर्नला राहतो. इथे मुळे नसलेले, कापलेले वृक्षनेच्याचे खोड विकत मिळते. ते जगते? शेजारी लिली लावली तर चालेल?

उत्तर : खोड डिक्सोनिया अंटार्क्टिका या जातीच्या वृक्षनेच्याचे असेल तर जगते. पानांच्या देठांच्या बुडाशी मऊ केस असतील तर डिक्सोनिया, खवले असतील तर सायथिया. सायथियाचे बिनमुळांचे खोड सहसा जगत नाही. खोड कायदेशीररीत्या काढल्याचा अधिकृत टॅग त्यावर आहे का पाहा. डिक्सोनियाचे खोड वर्षाला काही सेंटिमीटरच वाढते, म्हणून कमरेएवढ्या खोडामागे काही दशके असतात. ते सरळ उभे राहील इतकेच पुरा, माती घट्ट दाबा आणि नवी पाने येईपर्यंत खोड रोज वरून भिजवा.

तुमच्याकडे हिवाळा खराखुरा असल्याने कंदांना फ्रीज लागणार नाही. ते जून ते ऑगस्टमध्ये जमिनीतच लावा. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते, तेव्हा लिली नेच्याच्या उत्तरेला, मीटरभर अंतरावर, थोड्या उंच वरंब्यावर असू द्या. म्हणजे खोडावरून ओघळलेले पाणी कंदांपर्यंत पोहोचणार नाही. घरात मांजर असेल तर लिली लावूच नका. तिची पाने, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करते. मांजराने ते चाटल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला लगेच पशुवैद्याकडे न्या.