3000 च्या आतली ब्लेंडेड स्कॉच? बेळगावातनं सांगतो

तुमचा प्रश्न असा की ब्लेंडेड स्कॉचमध्ये आवडती कुठली, 3000 रुपयांच्या आत पैसा वसूल होईल अशी कुठली, आणि जॉनी वॉकर ब्लॅक लेबलला जास्तीचे पैसे मोजण्यात काय अर्थ आहे का. डायरेक्ट सांगतो. सोडा घालून पिणार असाल तर टीचर्स हायलँड क्रीम घ्या आणि गप बसा. नुसतं पाणी घालून सावकाश पिणार असाल तर अजून एक महिना थांबा, पैसे साठवा आणि ब्लॅक लेबल घ्या. मधलं बरंचसं बाटलीचं आणि खोक्याचं कौतुक आहे. हे कशावरनं म्हणतो ते सांगतो, जरा लांबड लागंल खरं वाचा.

मी टिळकवाडीत राहतो, महिन्यातनं दोन-तीनदा बसणं होतं, तज्ज्ञ वगैरे कोण नाही. खरं आमच्या सीमाभागातल्या माणसाला दारूच्या दरांचं ज्ञान न शिकताच येतं, कारण गाडी काढली की अर्ध्या तासात शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा, तीन सरकारं तीन दर. कर्नाटकानं 2024 मध्ये महागड्या दारूवरचा कर खाली आणला, पुढच्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रानं वाढवायचं ठरवलं, त्यामुळं एकेकाळी 'तुमच्याकडं लई महाग' म्हणणारे कोल्हापूरचे पाहुणे आता वेगळ्या सुरात बोलतात. म्हणून मी इथं दर लिहीत बसत नाही, आज लिहिलेला दर सहा महिन्यांत शिळा होतो, जवळच्या एमआरपी दुकानात नाहीतर सरकारी एमएसआयएल दुकानात जाऊन बघा.

आणि गोव्याचं म्हणाल तर स्वस्त आहे हे सगळ्यांना माहीत आहे, खरं बाटलीवरच 'फॉर सेल इन गोवा ओन्ली' छापलेलं असतं आणि वाटेत कणकुंबीला चेकपोस्ट आहे. चार-पाचशे रुपये वाचवायला डिकी उघडून पावसात उभं राहायची हौस असेल तर जावा. मला नाही. तिथं जाऊन तिथंच पिऊन या.

त्याहून वाईट म्हणजे ओळखीतनं येणारा 'ड्यूटी फ्रीचा माल'. मी एकदा फसलोय. खोकं एकदम नवं, बाटली चकचकीत, आणि टोपण फिरवल्यावर जी कडकन मोडायची रिंग असते ती मोडलीच नाही, आधीच सैल. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं, खरं समोर चार माणसं ताटात चकणा घेऊन बसलेली, ओतली. करपलेल्या साखरेचा वास आणि घशात नुसती खरखर. तेव्हापासनं बिलाशिवाय बाटली घेत नाही आणि सील बघितल्याशिवाय पैसे देत नाही, दुकानदार हसला तरी हसू दे.

आता ब्लेंडेड म्हणजे काय ते थोडक्यात, कारण इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो. माल्ट व्हिस्की बार्लीच्या मोडापासनं, तांब्याच्या भांड्यात थोडी थोडी काढलेली, वासाला दणकट आणि महाग. ग्रेन व्हिस्की गहू-मक्यापासनं उंच कॉलममध्ये अखंड काढलेली, सौम्य आणि स्वस्त. दोन्ही मिसळली की ब्लेंडेड स्कॉच. मात्र हे सगळं स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात कमीत कमी 3 वर्षं मुरलेलं पाहिजे आणि बाटलीत अल्कोहोल 40 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, तो तिथला कायदा आहे. आपल्याकडं ज्या व्हिस्कीवर 'स्कॉच माल्ट घातलेली' असं काहीतरी लिहिलेलं असतं ती स्कॉच नव्हे, त्यात थोडी स्कॉच असते आणि बाकी इथलं स्पिरिट, जे बऱ्याच ब्रँडमध्ये उसाच्या मळीपासनं काढतात. आमच्या अथणी-चिकोडीकडं कारखान्यांची काय कमी आहे, ट्रॉल्या भरभरून ऊस चाललेला दिसला की आमचा एक मित्र म्हणतो, बघ तुझी व्हिस्की चालली. युरोपात असल्या मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकायला देत नाहीत.

अजून एक प्रकार, जो पैसा वसूलच्या दृष्टीनं महत्त्वाचा. स्कॉच स्कॉटलंडमध्ये बाटलीबंद होऊन येते किंवा मोठ्या टाक्यांतनं इथं येते आणि भारतात बाटलीत भरतात. टीचर्स, 100 पायपर्स, ब्लॅक अँड व्हाईट, व्हॅट 69 ही मंडळी दुसऱ्या प्रकारातली, म्हणून खिशाला परवडतात. त्यांच्यावर 42.8 टक्के लिहिलेलं दिसंल, तो आकडा कुठनं आला तर दारूचा जोर मोजायच्या ब्रिटिशांच्या जुन्या प्रूफ मोजणीतलं 75 म्हणजे हे 42.8. 'इथं भरलेली म्हणजे डुप्लिकेट' असं बोलणारे प्रत्येक गल्लीत एक तरी असतात, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका. मुरलेली तिकडंच असते, बाटलीत इथं भरतात.

आता मुख्य गोष्ट. मागच्या गटारीला आम्ही पाच जण किणयेच्या पुढं एका मित्राच्या शेतातल्या घरात बसलो होतो, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि वाद सुरू झाला की जॉनी वॉकरचीच रेड लेबल भारी का टीचर्स. मी म्हटलं वाद कशाला, झाकून पिऊन बघू. टीचर्स, 100 पायपर्स, रेड लेबल आणि एकानं भाव खायला आणलेली ब्लॅक लेबल, अशा चार होत्याच. पहिल्यांदा घरातले स्टीलचे पेले घेतले खरं स्टीलमध्ये वासच कळंना, मग चहाचे काचेचे ग्लास धुवून घेतले. एकाच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटाला लावून ग्लासच्या बुडाला ठिपके दिले, एक ठिपका, दोन, तीन, चार, आणि ठिपके देणारा पिणार नाही असं ठरलं. तो बिचारा तसाही गाडी चालवणारा होता.

पहिला राऊंड, 30 मिली व्हिस्कीत तेवढंच साधं पाणी, बर्फ नाही. चौघांनीही ब्लॅक लेबल बरोबर ओळखली, एकानं तर तोंडाला न लावता, नुसत्या वासावर. दुसरा राऊंड, बर्फ आणि ग्लास भरून सोडा. इथं सगळ्यांची दांडी गुल. ब्लॅक लेबल एकालाच सापडली, तीही त्यानं अंदाजपंचे सांगितली असं माझं मत आहे. आणि पंधरा वर्षं रेड लेबलशिवाय दुसरी बाटली न घेणाऱ्यानं पहिला नंबर टीचर्सला दिला. चुन्याचे ठिपके मोबाईलच्या टॉर्चमध्ये त्याला दाखवले तर म्हणतो ग्लास बदललेत. अजून तो तेच म्हणतो.

ह्याच्यात जादू काय नाही. वास असतो म्हणून चव असते, आणि गार केलं की वास दबतो, वर चौपट सोडा ओतला की उरलेला पण पातळ होतो. ब्लॅक लेबलनं 12 वर्षं पिंपात मुरून जे कमावलेलं असतं ते तुम्ही बर्फाखाली गाडता. मग त्याचे पैसे कशाला द्यायचे? 750 मिलीच्या बाटलीत 60 चे साडेबारा पेग बसतात. समजा एक बाटली 2400 ची तर लार्ज पडला 192 ला, दुसरी 4800 ची तर 384 ला. हा वरचा 192 रुपयांचा फरक जिभेला कळणार असेल तरच द्यावा.

टीचर्स मला का आवडते, तर तिच्यात धूर आहे. तिचा मुख्य माल्ट आर्डमोर नावाच्या डिस्टिलरीचा, टीचर घराण्यानंच 1898 मध्ये ती बांधली, आणि तिथं बार्ली सुकवताना पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती जाळतात. त्यामुळं सोड्यातसुद्धा पावसाळ्यात चुलीजवळ बसल्यासारखा एक वास मागं राहतो. स्वस्तातल्या ब्लेंडच्या मानानं माल्टचं प्रमाणही चांगलं, 45 टक्क्यांच्या आसपास सांगतात. काही जणांना हाच वास नको असतो, त्यांनी ब्लॅक अँड व्हाईट घ्यावी, मऊ आहे, गोडसर आहे, नव्यानं सुरू करणाऱ्याला बरी. 100 पायपर्स वाईट नाही, आठवण राहत नाही एवढंच. व्हॅट 69 बाबांच्या पिढीची, मी तिच्या वाटेला जात नाही. रेड लेबलचं सांगायचं तर ती मिसळायलाच बनवलेली आहे, नुसती प्याल तर तिखट लागते, आणि तिच्या दरात अर्धं नाव आहे. लग्नाच्या वरातीत चार माणसांना दाखवायची असेल तर घ्या.

ब्लॅक लेबल मात्र खरीच चांगली. 12 वर्षं म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण व्हिस्की 12 वर्षांची, बाकीच्या त्याहून जुन्या असू शकतात. त्यातला धूर स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या माल्टचा. स्पेलिंग बघून लोक इस्ले म्हणतात खरं उच्चार 'आयला' असाच आहे, मी शिवी देत नाही. शिवास रीगल 12 त्याच दराच्या आसपास असते, ती मधासारखी गोड, धूर जवळजवळ नाहीच. बायकोला शिवास आवडते, मला ब्लॅक, त्यामुळं वर्षातनं एकदा दोन्ही आणायला लागतात, तिथं पैसा वसूलचा हिशोब चालत नाही.

वयाच्या आकड्यानं मात्र भुलू नका. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातनं वर्षाला साधारण 2 टक्के उडून जातं, आमच्या बेंगळुरूत 10 ते 12 टक्के, म्हणूनच तिथले अमृत डिस्टिलरीवाले थोड्याच वर्षांत पिंप रिकामं करतात आणि तरी त्यांची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची नुसती माल्ट व्हिस्की, चांगल्या स्कॉचच्या तोंडात मारते. तुमचं बजेट कधी वाढलं तर स्कॉचच पाहिजे हा हट्ट सोडून तीही बघा.

पाण्याचं एक विसरलो. आमच्याकडं राकसकोप धरणाचं पाणी गोड आहे खरं नळाला क्लोरीनचा वास आला की व्हिस्कीचा सत्यानाश, फिल्टरचं नाहीतर बाटलीचं घ्या. सुरवातीला दोन-तीन चमचेच घाला, वास उघडतो, मग हवं तसं वाढवा. चकण्याला भाजलेल्या शेंगा. मसाला काजू, तिखट सुकं वगैरे घेतलंत तर टीचर्स काय आणि फिनेल काय.

ब्रिटनबरोबर जुलै 2025 मध्ये करार झालाय, स्कॉचवरची 150 टक्के कस्टम ड्यूटी आधी 75 वर आणि मग 10 वर्षांत 40 वर आणायची असं त्यात आहे. म्हणून 'आता ब्लॅक लेबल अर्ध्यात मिळणार' असे मेसेज फिरतात. कस्टम हा दरातला एक तुकडा, वर राज्याचा अबकारी कर तसाच राहतो, त्यामुळं तोपर्यंत तहानलेलं बसू नका.

आणि घेतली तर प्या. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झाले, त्यांच्या शोकेसमध्ये तेव्हापासनं एक शिवास उभी आहे, 'मुरतीय मुरतीय' म्हणतात. बाटलीत व्हिस्की मुरत नसते, पिंपातनं काढली की तिचं वय थांबलं, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. नातवाच्या बारशाला फोडायची होती. नातू आता सहावीत आहे.