वाफसा आलाय का, ते आधी बघ

प्रश्न : ताई, मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. ‘रावे’साठी, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घेण्याच्या अभ्यासक्रमासाठी, आम्हा आठ कृषिकन्यांना हिंगोली जिल्ह्यातलं एक गाव मिळालंय. गटप्रमुख मी आहे. सुरुवातीला सगळ्यांना मोकळं सोडलं, तर नोंदवह्या अर्धवट राहिल्या आणि सरांची बोलणी मी खाल्ली. मग मी कडक झाले. परवा हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेच्या (पेरणीआधी बियाण्याला औषध-खत चोळण्याच्या) प्रात्यक्षिकात एका मैत्रिणीनं आधी रायझोबियम लावलं आणि मग बुरशीनाशक घेतलं. मी शेतकऱ्यांसमोर तिच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं. आता ती माझ्याशी बोलत नाही. बाकीच्या मला ‘मॅडम’ म्हणून टोमणे मारतात आणि सगळं काम मी एकटीच उरकतेय. मला पुढे बियाणे कंपनीत जायचंय. माझ्यात नेतृत्व नाहीच का?

उत्तर : पोरी, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तिला थांबवलंस ते बरोबरच केलंस. रायझोबियम हे जिवंत जिवाणू. त्यांच्यावर रासायनिक बुरशीनाशक पडलं तर ते मरतात. म्हणून बुरशीनाशक आधी आणि दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू खत शेवटी. उलटा क्रम बघून गेलेला शेतकरी घरी जाऊन तसंच करणार. मैत्रीखातर तू गप्प राहिली असतीस, तर मी तुझ्यावर जास्त रागावले असते.

चुकलं ते घमेलं ओढण्यात. “थांब गं, एवढं बियाणं बाजूला ठेवू. क्रम उलटा झाला तर काय होतं, तेही काकांना सांगू,” असं म्हणून पुढचं बियाणं तिच्याच हातात देता आलं असतं. शेतकऱ्यांनाही ते जास्त लक्षात राहिलं असतं.

आता नोंदवह्यांचं. पाऊस उघडल्या उघडल्या काळ्या रानात आऊत घातलं तर चिखल फासाला चिकटतो. फार दिवस थांबलं तर नुसती ढेकळं निघतात. वाफसा, म्हणजे मशागतीला बेताची ओल, बघावाच लागतो. आणि तो सगळ्या रानांना एका दिवशी येत नाही. माळाची मुरमाड जमीन लवकर येते, खोल काळीला थांबावं लागतं. तू आधी सातही जणींना सारखं मोकळं सोडलंस, मग सातही जणींना सारखं धारेवर धरलंस. तुझी खरी अडचण मला इथे दिसते. जिचं लहानपण शेतात गेलंय तिला काय करायचं एवढं सांगितलं की पुरे. जी शहरातून आलीय, जिनं कधी खुरपं धरलं नाही, तिच्या शेजारी पहिल्या वेळी तुला उभं राहावंच लागेल. दुसऱ्या वेळी नको.

आणि काम द्यायचं तर अख्खं दे. उदाहरणार्थ, बियाण्याच्या उगवणशक्तीची चाचणी. १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळायचे, आठव्या दिवशी कोंब मोजायचे आणि पारावर फळा लावून शेतकऱ्यांना टक्के समजावायचे. हे सगळं एकीचं. उगवण ८५ टक्क्यांच्या खाली आली तर काय सांगायचं, तेही तिनंच ठरवून तुला दाखवायचं. तू तिसऱ्या दिवशी फक्त गोणपाट ओलं आहे का ते विचार. तो दिवस आधीच ठरवून घे, म्हणजे तिला पाळत ठेवल्यासारखं वाटणार नाही. आत्ता तू कोंबही स्वतः मोजतेस आणि फळ्यावरही स्वतःच लिहितेस. मग बाकीच्यांना आपलं काम सही करण्यापुरतंच वाटणार.

तुझा एकटीचा दोष नाही हा. ज्या मुलीची वही नीटनेटकी तिला गटप्रमुख करतात आणि माणसं कशी सांभाळायची ते कुणी शिकवत नाही. मला याची फार चीड येते.

बियाणे कंपनीत हेच रोज करावं लागेल. आपल्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा सगळा धंदा शेतकऱ्यांच्या रानातल्या बीजोत्पादनावर उभा आहे. प्लॉट देणारा शेतकरी काही तुझा नोकर नसतो. त्यानं भेसळ झाडं, म्हणजे दुसऱ्या वाणाची झाडं, वेळेवर उपटली नाहीत तर बियाण्याचा अख्खा लॉट नापास होऊ शकतो, म्हणून गप्प बसून चालत नाही. बांधावर चारचौघांत त्याला बोललीस तर पुढच्या हंगामात तो प्लॉट दुसऱ्या कंपनीला देईल. मुलाखतीत गट सांभाळण्याचा अनुभव विचारला तर घमेल्याची ही गोष्ट लपवू नकोस. नंतर काय केलंस तेही सांग.

तेवढं आता करायचं राहिलंय. खोलीत दार लावून माफी मागितलीस तर ती अर्धीच होईल, कारण अपमान चारचौघांत झालाय. सातही जणी असताना तिला सांग, “क्रम चुकला होता, पण घमेलं ओढायला नको होतं.” ती लगेच बोलेल असं नाही. टोमण्यांना उत्तर देत बसू नकोस. पुढचं प्रात्यक्षिक तिच्याकडे दे. आदल्या संध्याकाळी दोघी मिळून क्रम एकदा म्हणून बघा आणि त्या दिवशी तू मागे, शेतकऱ्यांमध्ये जाऊन बस.