आठ माणसं आणि एक कढई

नव्यानं उघडलेल्या चायनीज हॉटेलात घरच्यांना घेऊन जाताना काय बघावं, काय मागवावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या भागात नवीन चायनीज हॉटेल सुरू झालंय. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोन मुलं असे आठ जण जाणार आहोत. मागे दुसरीकडे गेलो तेव्हा निम्मं अन्न उरलं आणि मुलांना हवं ते मात्र पुरलं नाही. नेमकं काय आणि किती मागवावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सूप 'वन बाय टू' सांगा. आठ जणांना चार पुरतात : दोन मनचाव, एक हॉट अँड सावर आणि मुलांसाठी एक स्वीट कॉर्न. स्टार्टर तीन प्लेट. चिकन लॉलीपॉप मागवणार असाल तर प्लेटमध्ये किती नग येतात ते आधी विचारा. कुठे सहा असतात, कुठे आठ. आठ माणसांत सहा लॉलीपॉप आले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

सूप आणि स्टार्टर झाल्यावर भात किंवा नूडल्सची एक प्लेट दोघांना सहज होते. म्हणजे दोन प्लेट भात, दोन प्लेट नूडल्स आणि दोन ग्रेव्ही. ट्रिपल शेजवान मागवलं तर त्यात भात, नूडल्स आणि ग्रेव्ही तिन्ही असतं. त्यावर वेगळी ग्रेव्ही घेतली की तीच उरते.

किती मागवता याच्याइतकंच कसं मागवता हेही महत्त्वाचं आहे. चायनीज कढईत मोठ्या आचेवर एका वेळी दोन प्लेटचा माल नीट परतला जातो. चार प्लेट एकदम टाकल्या की कढई गार पडते, कोबी-गाजर पाणी सोडतात आणि परतायचं ते वाफेवर शिजू लागतं. भात ओलसर होतो, नूडल्सचा गोळा होतो. म्हणून वेटरला सांगा, 'दोन-दोन प्लेट वेगळ्या करून आणा.' भात-नूडल्सची ऑर्डर स्टार्टर निम्मे संपल्यावर द्या. कमी पडलं तर पाचवी प्लेट नंतर मागवता येते, पण आलेली परत जात नाही.

उलट टोकही गाठू नका. आठ जणांनी आठ वेगळे पदार्थ सांगितले तर कढई आठ वेळा धुवावी लागते, आणि नव्या हॉटेलात बऱ्याचदा कुक एकच असतो. शेवटचा पदार्थ येईपर्यंत पहिला गार होतो. ठरवून पाच-सहा पदार्थच घ्या.

मुलांसाठी 'शेजवान कमी तिखट करा' असं सांगून फारसा उपयोग नाही. शेजवान सॉस आधीच करून ठेवलेला असतो, त्यातली मिरची कुणी काढू शकत नाही. त्यांना साधा फ्राइड राइस किंवा हक्का नूडल्स द्या आणि मोठ्यांसाठी शेजवान चटणी वाटीत वेगळी मागा.

प्रश्न : पहिल्याच खेपेला स्वयंपाकघर चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सगळ्यांत आधी साधा व्हेज किंवा एग फ्राइड राइस मागवा. शेजवान नको, त्या सॉसखाली सगळे दोष झाकले जातात.

दाणा अख्खा आणि सुटा हवा. त्यासाठी तांदूळ कणी ठेवून शिजवून, पसरून, गार करून घ्यावा लागतो. गार होताना दाण्याचा वरचा भाग कोरडा होतो, म्हणून तो कढईत चिकटत नाही. गरम भात तसाच टाकला तर त्याची खिचडी होते. प्लेटच्या तळाशी तेल साचलं असेल तर कढई पुरेशी तापलेली नव्हती आणि भात चिकटू नये म्हणून तेल वाढवलं, असं समजा. काळे कण आणि कडवट चव आली तर दोन पदार्थांच्या मध्ये कढई धुतलेली नाही. सोया सॉसचा कच्चा, खारट वास येत असेल तर तो तापलेल्या कडेवर न सोडता थेट भातावर ओतलाय. कोबी आणि फरसबी दाताखाली कुरकुरली पाहिजे.

मंचुरियनचा एक गोळा मोडून बघा. बाहेरून काळपट आणि आत कच्चं पीठ म्हणजे तेल फार तापलं होतं. रबरासारखा ताणत असेल तर भाजी कमी आणि मैदा जास्त. गोळे आधी तळून ठेवणं सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही, पण ऑर्डर आल्यावर ते पुन्हा गरम तेलातून काढायला हवेत. तळणीला जुनाट, खवट वास आला तर त्या दिवशी तळलेलं काहीच घेऊ नका. भारतात तळणीच्या तेलातली पोलर संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरता येत नाही. हे मोजायला यंत्र लागतं, पण एवढं खराब झालेलं तेल फेसाळतं, दाट होतं आणि नाकालाही कळतं.

आत शिरताना भिंतीवर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला आहे का, तेही बघा. नव्या हॉटेलात 'अर्ज केलाय' असं उत्तर मिळालं तर मी तरी दुसरीकडे जाईन.

प्रश्न : आमच्याकडे आजी शुद्ध शाकाहारी, सून जैन, आणि नातवाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. एकाच हॉटेलात सगळ्यांचं जमेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जमेल, पण 'व्हेज आहे ना?' असं विचारू नका. त्याला उत्तर नेहमी 'हो'च मिळतं. ज्याला हो-नाही पुरत नाही असं विचारा : सूपला पाणी कसलं वापरता? स्टॉक पावडर कुठली? व्हेज पदार्थात ऑयस्टर, फिश किंवा वूस्टरशर सॉस पडतो का? नूडल्स अंड्याच्या की बिनअंड्याच्या? लॉलीपॉप आणि व्हेज मंचुरियन एकाच तेलात तळता का? या शेवटच्या प्रश्नावर लहान हॉटेलं हमखास अडखळतात. तिथे आजींना तळलेलं न देता परतलेली भाजी, पनीर किंवा टोफू आणि साधा भात द्यावा. कढई आणि डाव धुऊन घ्यायला सांगा.

जैन पदार्थासाठी आलं, लसूण, कांदा, पातीचा कांदा, गाजर आणि मशरूम ही नावं एकेक करून सांगावीत. नुसतं 'जैन' म्हटलं की पातीचा कांदा वरून भुरभुरला जातोच. तयार शेजवान आणि हॉट गार्लिक सॉसमध्ये लसूण असतोच, ते दोन्ही बाद. उरतं काय? सोया, व्हिनेगर, मिरी, हिरवी मिरची, ढोबळी मिरची, फरसबी, मका, पनीर. एवढ्यात चांगला पदार्थ होतो. कोबी-फ्लॉवर चालतात की नाही हे मात्र सुनेला विचारून घ्या.

अ‍ॅलर्जीची गोष्ट वेगळी आहे. तिथे वेटरवर न थांबता कुकशी बोलायला हवं. शेंगदाणे कुंग पाओसारख्या पदार्थांत दिसतात, पण तळणीचं तेल आणि चटण्या यांतूनही येऊ शकतात. नीट उत्तर मिळालं नाही तर नातवाला तिथलं काही देऊ नका. गव्हाची अडचण असलेल्यांनी लक्षात ठेवावं, की नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. म्हणजे नूडल्स सोडून भात घेतला तरी गहू पोटात जातोच.

प्रश्न : वडिलांना रक्तदाब आहे. 'अजिनोमोटो घालू नका' एवढं सांगितलं की झालं ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही झालं. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रसातून ही चव वेगळी केली. टोमॅटोतही ग्लुटामेट नैसर्गिकपणे असतंच. अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के असतं, तर मिठात ३९ टक्के. तुमच्या वडिलांचा खरा शत्रू सोया सॉस आहे. एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहावं. त्यांच्यासाठी सूप आणि ग्रेव्ही टाळा. 'सोया अगदी कमी, वरून मीठ नको, स्टॉक पावडर नको' असं सांगून परतलेली भाजी आणि बिनमसाल्याचा वाफवलेला भात मागवा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र अजिनोमोटो घातलेलं काहीही देऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे गोबी मंचुरियनवरून बराच वाद झाला. लाल रंग कृत्रिम आहे हे टेबलावर बसून कळतं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेनं गोबी मंचुरियनवर बंदीचं पाऊल उचललं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकानं त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तो वाद तुमच्या लक्षात असेलच.

टेबलावर एक ढोबळ चाचणी करता येते. तळलेला कोरडा तुकडा साध्या पाण्याच्या वाटीत दोन मिनिटं ठेवा. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे पाणी जवळजवळ स्वच्छ राहून वर केशरी तवंग येतो. कृत्रिम खाद्यरंग पाण्यात विरघळतात, मग सगळं पाणीच गुलाबी-लाल होतं. बीटही पाण्यात रंग सोडतं, पण मंचुरियनमध्ये बीट घालणारा कुक विरळा. काश्मिरी मिरचीचा रंग विटकरी दिसतो. बोटं धुतल्यावरही लाल राहिली तर दुसऱ्यांदा तो पदार्थ मागवू नका.

प्रश्न : उरलेला फ्राइड राइस सकाळी मुलांच्या डब्यात दिला तर चालेल? आणि पार्सल मऊ का पडतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डब्यात देऊ नका. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. भात खोलीच्या तापमानाला पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. शिवाय हॉटेलातला भात बऱ्याचदा दुपारीच शिजवलेला असतो, म्हणजे तुमच्यापर्यंत येण्याआधीच त्याचं वय झालेलं असतं. ठेवायचाच असेल तर दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी घरीच एकदा वाफा निघेपर्यंत गरम करून संपवा. डब्यात तो पुन्हा चार तास कोमट बसतो, धोका तिथे आहे.

पार्सल घेताना ग्रेव्ही आणि गोळे वेगळे, मनचाव आणि तळलेल्या नूडल्स वेगळ्या सांगा. डबा गच्च बंद असला की वाफ आतच कोंडते आणि कुरकुरीतपणा जातो. घर जवळ असेल तर झाकण किंचित उघडं ठेवा. उरलेली ग्रेव्ही पाणीदार होते त्याचं कारण बहुतेक वेळा उष्टा चमचा असतो. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य कॉर्नफ्लॉवरचं स्टार्च तोडतं.

प्रश्न : मुलगी विचारते, चीनमध्येही मंचुरियन असंच मिळतं का?
— एक वाचक, संभाजीनगर

उत्तर : नाही. चिकन मंचुरियनचं श्रेय सहसा नेल्सन वांग यांना दिलं जातं. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. आपल्याकडच्या चायनीजचं मूळ बरंचसं कोलकात्याच्या हक्का कुटुंबांच्या स्वयंपाकात आहे.

प्रश्न : बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. काढून टाका म्हणावं. नाही काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, अडीच-अडीच असा दोन ओळींत. हॉटेल कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत) असेल तर ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही, बिलावर तसं छापलेलं असतं. बिलावर परवान्याचा तो १४ आकडी क्रमांकही असायला हवा, म्हणून बिल फेकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. रात्री कुणाचं पोट बिघडलं तर तक्रारीला तोच लागतो.