अपघातानंतर विमा कंपनी दहा वर्षांची वैद्यकीय कागदपत्रे मागत असेल तर ती द्यावीत का?

आपल्या वडिलांच्या पायाच्या शस्त्रक्रियेनंतर अपघात विम्याच्या कंपनीने ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व वैद्यकीय कागदपत्रे’ मागितली आहेत, सोबत डॉक्टर-रुग्णालयांकडून कागद मिळवण्याची मुभा कंपनीला देणाऱ्या एका छापील संमतीपत्रावर सही मागितली आहे, आणि हे सारे द्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, या अपघाताशी संबंधित एकही कागद मागे ठेवू नका, दहा वर्षांची फाइल देऊ नका आणि ते संमतीपत्र आहे त्या स्वरूपात मुळीच सही करून देऊ नका. हे मी आमच्या घरी जे घडले त्यावरून सांगत आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये माझे बाबा, तेव्हा वय ५४, कराडजवळचे आमचे बी-बियाण्यांचे दुकान बंद करून घरी परतत असताना महामार्गाच्या सेवा रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून त्यांची मोटारसायकल घसरली आणि उजव्या मांडीचे हाड मोडले. एका अनोळखी टेम्पोचालकाने त्यांना रुग्णालयात पोहोचवले. बाबा वेदनेमुळे बोलण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून तेथील डॉक्टरांनी ‘काय झाले?’ हे त्या टेम्पोचालकालाच विचारले. त्याने बाबांना पडताना पाहिले नव्हते. ‘चक्कर आली असावी,’ असे तो म्हणाला. केस पेपरवर ते ‘चक्कर येऊन पडले’ असे उतरले. त्यातला ‘असावी’ हा शब्द कागदावर आलाच नाही, आणि आमच्यापैकी कोणीही तो कागद तेव्हा वाचला नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी वॉर्डात येऊन बाबांचा जबाब घेतला, त्यात मात्र खडीवरून गाडी घसरल्याचे स्पष्ट नोंदवले आहे.

मेडिक्लेमचे पैसे विनातक्रार मिळाले. अडचण आली ती वैयक्तिक अपघात विम्यात, ज्यात काम करता न आलेल्या प्रत्येक आठवड्यासाठी ५,००० रुपये मिळणार होते. बाबा २६ आठवडे दुकानात बसू शकले नाहीत, म्हणजे एकूण १,३०,००० रुपयांचा प्रश्न होता. मार्च २०२३ मध्ये कंपनीने नेमलेला इन्व्हेस्टिगेटर घरी आला, अत्यंत आदराने बोलला, चहा घेतला आणि आपल्याला मिळाले आहे तसेच संमतीपत्र त्याने पुढे केले. मी शाळेत होते. माझ्या थोरल्या भावाने बाबांची सही घेऊन दिली आणि कपाटातील जुन्या कागदांची संपूर्ण फाइलही त्याच्या हवाली केली. दादाचे म्हणणे होते, ‘आपण खरे आहोत, तर कागद दाखवायला भ्यायचे कशाला?’

त्या फाइलमध्ये २०१४ सालची आमच्या फॅमिली डॉक्टरांची एक चिठ्ठी होती. कानाच्या आतल्या भागातील बिघाडामुळे बाबांना तेव्हा आठवडाभर भोवळ येत होती, ती औषधाने गेली आणि पुन्हा कधी आली नाही. मे महिन्यात आलेल्या रिजेक्शन लेटरमध्ये कंपनीने ही चिठ्ठी आणि केस पेपरवरील ते वाक्य शेजारी-शेजारी मांडून, ‘पडणे हे अपघातामुळे नसून पूर्वीपासूनच्या आजारामुळे आहे’, असा निष्कर्ष काढला होता. अपघात विम्याच्या करारात अपघात म्हणजे आकस्मिक, बाह्य आणि दृश्य कारणाने झालेली घटना, अशी व्याख्या असते. त्यामुळे गाडी घसरली की माणसाला चक्कर आली, या एका प्रश्नावर सगळा दावा टिकतो किंवा पडतो, आणि कंपनीला जुने कागद हवे असतात ते बहुतेक वेळा याच प्रश्नासाठी.

पुढचे काम मी हातात घेतले. रुग्णालयाने इनडोअर केस पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी, ‘पेशंटला देत नाही, कंपनीने मागितले तरच देतो’, असे सांगितले. हे साफ चुकीचे आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. तसा लेखी अर्ज करून मी पोच घेतली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी प्रती मिळाल्या. दाखल करतेवेळी रक्तदाब, साखर, ईसीजी आणि मेंदूचे स्कॅन असे सर्व काही व्यवस्थित होते, हे त्या कागदांवर नोंदलेलेच होते. मूळ नोंद खोडायला मी सांगितले नाही आणि कोणीही सांगू नये. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून, ती माहिती नातेवाइकाने नव्हे तर आणून सोडणाऱ्या व्यक्तीने दिली होती, असे स्वतंत्र पत्र मात्र घेतले. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले आणि महिना उलटूनही समाधानकारक उत्तर न आल्याने पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेले. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. आता तेथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. निर्णय आमच्या बाजूने लागला आणि मार्च २०२४ मध्ये पूर्ण रक्कम जमा झाली.

म्हणून आपण आज कंपनीला पत्र लिहून विचारा, की दहा वर्षांचे कागद पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली आणि कोणत्या शंकेसाठी हवे आहेत. संमतीपत्राऐवजी स्वतःचे अधिकारपत्र द्या, आणि त्यात रुग्णालयाचे नाव, दाखल झाल्यापासून घरी सोडेपर्यंतच्या तारखा आणि दावा क्रमांक घालून ते त्या दाव्यापुरतेच आहे, असे लिहा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमएलसीची (अपघाताबाबत रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची) प्रत, पोलिसांनी घेतलेला जबाब, बिले यांच्या साक्षांकित प्रतींना पान क्रमांक घालून, वर यादी जोडून त्या द्या आणि यादीवर शिक्का घ्या. मेडिक्लेमही असेल तर मूळ बिले त्या कंपनीकडे जातात, त्यामुळे त्याआधीच प्रती काढून ठेवा. देण्यापूर्वी प्रत्येक पान, विशेषतः दाखल करतानाचे पहिले पान, स्वतः वाचा. धडक देणाऱ्या दुसऱ्या वाहनाच्या विमा कंपनीचा माणूस कागद मागत असेल, तर त्याला काहीही देऊ नका. ते कागद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आपल्या वकिलामार्फत दाखल होतील.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. कंपनीने एखाद्या विशिष्ट आजाराबद्दल नेमके विचारले असेल, तर खरे उत्तर द्या आणि तो कागद द्या, कारण तेथे लपवाछपवी केली तर खरा दावाही हातचा जाईल. आणि दावा आरोग्य विम्याचा असेल तर वेगळे नियम लागतात. २०२४ पासून सलग ६० महिने चालू असलेल्या पॉलिसीवर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणाने हरकत घेता येत नाही, आणि उपचाराचे कागद रुग्णालयाकडून मिळवणे हे कंपनीचे किंवा टीपीएचे (कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) काम आहे. आपली पॉलिसी किती वर्षांची आहे हे आपण लिहिलेले नाही, ते आधी पाहा.

दादाला आजही वाटते, की केस पेपरवरच ‘चक्कर’ लिहिलेले होते, त्यामुळे फाइल दिली नसती तरी दावा नाकारलाच गेला असता. केस पेपर कंपनीला मिळणारच होता, हे त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते पान आम्ही वेळेवर वाचले नाही ही चूक माझीही आहे. परंतु लोकपालांसमोरच्या सुनावणीत मी होते, दादा नव्हता. डॉक्टरांचे पत्र वाचून झाल्यावर कंपनीच्या प्रतिनिधीने केस पेपरचा मुद्दा सोडून दिला, आणि त्यानंतरची वीस मिनिटे ते फक्त २०१४ च्या त्या चिठ्ठीवर बोलत होते.