राणी मारी आंत्वानेतच्या उधळपट्टीमुळे फ्रान्सचं दिवाळं निघालं का?

नाही, तिजोरी खाल्ली ती युद्धांनी आणि त्यांच्या कर्जांनी. 1788 च्या सरकारी जमाखर्चात निम्म्याच्या आसपास खर्च कर्जफेड आणि व्याजाचा होता; अख्ख्या दरबाराचा जेमतेम 6 टक्के. राणी उधळी होतीच, पण तेवढ्याने राज्य बुडत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरल्यावर अर्थखातं सांभाळणाऱ्या नेकरने मुख्यतः कर्जावर भागवलं. 1787 मध्ये तेव्हाचा अर्थमंत्री कालोन याने सगळ्याच जमीनमालकांवर कर सुचवला, तर सरदार-धर्मगुरूंच्या सभेने तो अडवला आणि कालोनचीच गच्छंती झाली. खरं दुखणं हेच: कर्ज वाढत होतं आणि वरचे वर्ग नवा कर लागू देत नव्हते. मात्र सरदार अगदीच करमुक्त नव्हते: शेतकऱ्यांवरचा ‘ताय’ हा कर त्यांना माफ होता, पण ‘वँतिएम’ हा उत्पन्नावरचा कर भरावा लागे, अर्थात वशिल्याने तोही कमी करून घेत.