वाचकांचे प्रश्न : गाडीच्या रंगावरील ओरखड्यांचे जाळे आणि पॉलिशर

प्रश्न : माझी गाडी गडद निळ्या रंगाची आहे. सावलीत ती चकचकीत दिसते, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर बारीक गोलाकार ओरखड्यांचे जाळे उठून दिसते. हाताने पॉलिश केल्यावर ते नाहीसे झाल्यासारखे वाटले, मात्र दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा दिसू लागले. यंत्राने पॉलिश केल्यास ते कायमचे जाईल का?

उत्तर : होय, जाईल, परंतु ‘जाईल’ म्हणजे नेमके काय होईल, हे यंत्र हाती घेण्यापूर्वी आपण समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअर कोट असतो आणि हे ओरखडे त्या कोटाच्या अगदी वरच्या भागात असतात. ते मुळात गोल नसून वेड्यावाकड्या दिशांनी गेलेले असतात. प्रकाशाच्या बिंदूभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. हाताने लावलेल्या पॉलिशमधील तेलकट घटक ओरखड्यांत भरून बसतात आणि धुण्यात निघून जातात, हे आपण अनुभवलेच आहे. यंत्र मात्र ओरखडा भरत नाही, तर त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट करते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. तो एकदा घासला गेला की परत येत नाही, त्यामुळे कमीत कमी घासून पुरेसे समाधानकारक काम साधणे हेच येथे खरे कौशल्य आहे.

प्रश्न : रोटरी यंत्र घ्यावे की ड्युअल ॲक्शन? काम नेमके कसे करावे?

उत्तर : नवशिक्याने निःसंशय ड्युअल ॲक्शन घ्यावे. रोटरी यंत्राचा पॅड, म्हणजे रंगावर घासणारी गोल गादी, एकाच अक्षाभोवती फिरत राहतो. एका जागी क्षणभर अधिक थांबले तर रंग तापतो आणि कडेवरचा थर निघूनही जाऊ शकतो. शिवाय हात सरावलेला नसेल तर उन्हात हलणाऱ्या छायेसारखे नवेच पट्टे उमटतात. ड्युअल ॲक्शन यंत्रात पॅड फिरता फिरता झुलतोही, त्यामुळे उष्णता कमी राहते.

निम्मे यश तयारीत असते. गाडी नीट धुऊन, चिकटलेले कण क्ले बारने (कण ओढून घेणाऱ्या मऊ, मातीसारख्या वडीने) काढल्याशिवाय पॅड टेकवू नये, कारण राहिलेला एखादा कण पॅडखाली सापडला तर नवे ओरखडे पडतात. पत्रा थंड आणि सावलीत असावा. प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि दारांच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावावी; कडांवर थर मुळातच पातळ असतो.

त्यानंतर बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन चाचणीसाठी निवडावा. सुरुवात नेहमी सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने करावी. जाळे राहिले तरच कठीण पॅडकडे किंवा कंपाउंडकडे, म्हणजे अधिक घासणाऱ्या जाड पॉलिशकडे, वळावे. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरेत. पॅड रंगावर टेकवूनच यंत्र सुरू करावे, कमी वेगावर द्रव पसरवावा, मग वेग वाढवून आधी आडवे आणि नंतर उभे असे पट्टे निम्मे एकमेकांवर येतील अशा बेताने सावकाश ओढावेत. पॅडच्या पाठीच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवली, तर ती फिरताना दिसते की नाही यावरून दाब नेमका कळतो: रेघ जागीच थरथरू लागली, तर आपण फार जोर देत आहात. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करावा. चोंदलेला पॅड काम करत नाही, नुसता तापतो.

चौकोन झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तो पुसून बॅटरीच्या उजेडात पाहावा. ही पायरी अनेकजण गाळतात आणि उरलेल्या तेलाच्या चमकीलाच यश समजतात. चाचणीत जमलेली जोडी आणि कृतीच मग संपूर्ण गाडीवर वापरावी.

प्रश्न : एका दारावर नख अडकेल असा खोल ओरखडा आहे. तोही निघेल का?

उत्तर : नाही, आणि काढण्याचा हट्टही धरू नये. नख अडकते याचा अर्थ तो सहसा इतका खोल असतो की तळ गाठेपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट धोकादायकरीत्या पातळ होईल. त्याच्या कडा सौम्यपणे गोलावल्या की तो बराच फिका दिसतो, तेवढ्यावर थांबावे. गाडी जुनी असेल किंवा एखादा भाग पुन्हा रंगवला असल्याची शंका असेल, तर जाडी मोजण्याच्या उपकरणाने आधी मोजमाप घ्यावे. बंपर प्लास्टिकचा असल्याने तेथे साधे उपकरण चालत नाही आणि उष्णताही लवकर साठते, म्हणून तेथे हात अधिकच हलका हवा.

प्रश्न : एवढे कष्ट केल्यावर जाळे पुन्हा पडू नये यासाठी काय करावे?

उत्तर : धुण्याची पद्धत बदलावी. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे तत्काळ थांबवा, कारण जाळ्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. साबणाचे पाणी आणि मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) स्वच्छ करण्याचे पाणी वेगळ्या बादल्यांत ठेवावे, छतापासून खाली यावे, आणि जमिनीवर पडलेला मिट किंवा टॉवेल पुन्हा धुतल्याशिवाय रंगाला लावू नये. पॉलिशनंतर लगेच सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारे कृत्रिम द्रव्य) किंवा मेण लावावे. त्याने ओरखडे पूर्ण थांबत नाहीत, परंतु मळ घट्ट चिकटत नाही आणि धुताना कमी चोळावे लागते.