पुस्तकातली शिरोडकर आणि पडद्यावरची

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून ‘शाळा’ हा चित्रपट दाखवण्यात आला. मूळ कादंबरी मी आजवर तीनदा वाचली आहे. चित्रपट संपल्यावर माझ्या वयाचे आम्ही तिघे-चौघे एकमेकांना म्हणालो, की पुस्तकातले निम्मे गेले. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने कादंबरी वाचलेली नाही. ती मात्र बराच वेळ गप्प होती आणि घरी आल्यावर तिने शेवटचा भाग फोनवर पुन्हा पाहिला. समीक्षकांनी गौरवलेला चित्रपट आम्हाला अपुरा का वाटावा? आमचे वाचन चुकले, की समीक्षकांचे पाहणे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही चुकले नाही, असे माझे मत आहे. मात्र एवढ्यावर थांबलो तर तो आपल्या प्रश्नावर अन्याय होईल, कारण आपली खंत खरी आहे आणि ती अनेक वाचकांची आहे.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली प्रसिद्ध झाली आणि सुजय डहाके यांचा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये आला. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी ही कादंबरी वाचली, त्यांनी तिचा नायक मुकुंद जोशी याच्या नववीच्या वर्गातल्या बाकांवर आपापल्या शाळेतली मुले-मुली आणून बसवली होती. कादंबरीतल्या आणीबाणीच्या काळी मराठी शाळांत मुलगे वर्गातल्या मुलींचा उल्लेख आडनावानेच करत. त्यामुळे मुकुंदला आवडणाऱ्या मुलीसाठी ‘शिरोडकर’ एवढा एकच शब्द वाचकाला पुरत असे आणि चेहरा ज्याचा त्याने घालायचा असे. पडद्यावर केतकी माटेगावकर दिसली, तेव्हा तिने काम कितीही समजून केलेले असो, आपल्या मनातली शिरोडकर तिथे नव्हती. आपण ज्याला ‘निम्मे गेले’ म्हणता, त्यातला बराचसा भाग हा असावा.

उरलेले जे गेले, ते निवेदनाचे. कादंबरी मुकुंद स्वतः सांगतो, आणि तिची सगळी गोडी त्याच्या मनातल्या, कोणापुढे न बोललेल्या वाक्यांत आहे. वर्गात तो खाली मान घालून उभा असतो, तेव्हा आत मात्र सरांविषयी, मित्रांविषयी, आणीबाणीविषयी घरात कानावर पडलेल्या बोलण्याविषयी त्याचे अखंड चाललेले असते. पानावर हे सहज मावते. पडद्यावर दिग्दर्शकाला एकतर ते सगळे निवेदनातून ऐकवावे लागते, नाहीतर चेहऱ्यावर सोपवावे लागते. निवेदन फार झाले, तर प्रेक्षक चित्रपट पाहण्याऐवजी ऐकू लागतो. चेहऱ्यावर सोपवले, तर मुकुंदची मिश्किली कमी होते आणि त्याचे एकटेपण वाढते. ‘शाळा’ चित्रपटात मला हे दुसरे घडलेले दिसते. तीच कथा थोडी अधिक हळवी झाली आहे. कादंबरी वाचताना मी जितका हसलो होतो, तितका चित्रपट पाहताना हसलो नाही, हे मलाही मान्य केले पाहिजे.

समीक्षक याच गोष्टीकडे दुसऱ्या टोकाकडून पाहतो. ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘शाळा’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, आणि त्याच वर्षी रूपांतरित पटकथेचा पुरस्कारही या चित्रपटासाठी अविनाश देशपांडे निगडी यांना मिळाला. रूपांतराची पारख करणाऱ्याचा प्रश्न हा असतो, की जे ठेवले ते एकमेकांना धरून उभे राहते का. काय गळाले, याचा हिशेब तो दुय्यम मानतो. वाचकाला मात्र आधी गळालेलेच दिसते, कारण त्याच्या जिव्हाळ्याचा एखादा प्रसंग त्यात असतो.

तरीही ‘पुस्तकाशी इमान राखले की वाचक खूश’ असे समीकरण कोणी मांडू नये. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्यांवरून सत्यजित राय यांनी अपू नावाच्या मुलावर केलेल्या तीन चित्रपटांतला दुसरा, १९५६चा ‘अपराजितो’, आठवून पाहा. शिकण्यासाठी कलकत्त्याला गेलेला अपू हळूहळू आईपासून दुरावतो. आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर त्याला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, हे मूळ कादंबरीतच लिहिलेले आहे, आणि याच धाडसी जागेने राय यांना त्या कथेकडे ओढले होते. बंगालमधल्या प्रेक्षकांना मात्र पडद्यावरचा हा दुरावा सोसला नाही आणि चित्रपट तिकीटबारीवर फारसा चालला नाही. १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यालाच सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एकांतात वाचताना जे आपण स्वतःशी कबूल करतो, ते चारचौघांत अंधारात बसून पाहताना आपल्याला जड जाते, असे मला या उदाहरणावरून वाटते. वयात येण्याच्या कथांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे, कारण त्या आपल्या स्वतःच्या ओशाळवाण्या आठवणींना हात घालतात.

आता आपल्या मुलीविषयी. तिने शेवट पुन्हा पाहिला, ही या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे. तिच्याजवळ तुलनेसाठी पुस्तक नव्हते, तिचे वय मुकुंदचेच आहे, आणि शिरोडकर गाव सोडून गेल्यावर तो एकटा उरतो, तिथे तिला काहीतरी सापडले. ‘पुस्तकात याहून किती छान आहे’ हे तिला इतक्यात सांगू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपली प्रत तिच्या हाताला लागेल अशी ठेवा, एवढे पुरे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट, दोन्ही मुलांपुढे ठेवायचे असतील तर आधी काय ठेवावे?
– एक शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पुस्तकाचा थोडा भाग, मग चित्रपट, मग उरलेले पुस्तक. ‘श्यामची आई’पासून सुरुवात करता येईल. साने गुरुजींचे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागले आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. त्यातल्या दोन-तीन रात्री वर्गात मोठ्याने वाचा आणि मग आचार्य अत्रे यांचा १९५३चा चित्रपट दाखवा. या चित्रपटाला १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. ते मुलांना सांगायचे तर चित्रपट संपल्यावर सांगा. पदक आधी कळले की मुले आपले मत आवरून धरतात आणि मग ‘तुम्हाला काय वाटले’ या प्रश्नाला तुमच्याच तोंडचे उत्तर परत मिळते. त्याऐवजी वर्गात वाचलेल्या रात्रींपैकी एखादा प्रसंग पडद्यावर कसा आला, किंवा का आला नाही, हे त्यांना अर्ध्या पानात लिहायला सांगा, आणि त्या अर्ध्या पानाला गुण देऊ नका.